मुजावर सरांच्या गाडीचा पंप

परातीत सतरा वस्तू होत्या. ॲल्युमिनियमचं एक घर, एक दांडा, एक तबकडी, बोटाच्या पेराएवढी चार वजनं, चार झडपा, पाच स्प्रिंगा आणि एक रबरी सील. मी दोनदा मोजल्या. शिवाय परातीच्या तळाशी डिझेलमध्ये चमकणारा बारीक चुरा होता. तो मोजण्यासारखा नव्हता, पण सगळा प्रश्न त्याचाच होता.

शिवलिंगअप्पांनी करंगळी त्या चुऱ्यात बुडवली आणि माझ्या वडिलांच्या चष्म्यासमोर धरली.

"बगा सर. सोनाराच्या दुकानात असता तर झाडून ठिवला असता."

"म्हणजे पंप आतून खाल्लाय," अण्णा म्हणाले.

"कुणी न्हाई खाल्ला. त्येनंच सवताला खाल्लाय. नवा म्हणून बसवला, वरीस सुदीक झालं न्हाई. नक्कल ती नक्कलच. रंग तेवढा कंपनीवानी."

कवठेमहांकाळच्या बाहेर, मिरज रस्त्यावर अप्पांचं गॅरेज होतं. मी त्याच उन्हाळ्यात कोल्हापूरहून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होऊन घरी आले होते आणि नोकरीच्या मुलाखतींची वाट बघत होते. अण्णा, म्हणजे भूपाल आरवाडे सर, हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःलाच एक काम लावून घेतलं होतं. गाडीच्या डिकीत भिंगं, लंबक, निर्वात पंप, विजेची घंटा असलं सामान भरायचं आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत जाऊन प्रयोग करून दाखवायचे. ते सामान एस. टी.त चढत नाही. गाडी बंद म्हणजे काम बंद.

डिझेल गाडीत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हा पंपच एकेका सिलिंडरला नेमक्या क्षणी, नेमकं तेवढं डिझेल प्रचंड दाबानं पोचवतो. तो गेला की उरलेलं इंजिन म्हणजे नुसतं लोखंड.

"आता पुन्हा नक्कल नको," अण्णा म्हणाले. "कंपनीचा नवा?"

"कंपनीनं हे मॉडेलच बंद केलंय. आता जुनाच घ्या, पर असल. कुनाच्या तरी गाडीवरनं उतरवल्याला." अप्पा बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिले. "आपल्या गावात ह्या गाड्या दोनच आल्या हुत्या, सर. एकाच दिवशी. एक ही."

दुसरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. गरजही नव्हती.

"मिरजेत बघू," अण्णा म्हणाले.

आम्ही मिरजेत बघितलं. तिथल्या जुन्या सामानवाल्यानं दाखवलेल्या पंपावरची नंबराची पट्टी दुसऱ्याच कुठल्या तरी पंपाची होती. रिव्हेट अगदी ताजे होते. कोल्हापुरात असल पंप मिळाला, पण तो उलट्या दिशेनं फिरणाऱ्या इंजिनाचा. अण्णांनी तो हातात घेतला, दांडा फिरवून बघितला आणि आभार मानून परत ठेवला. परतीच्या एस. टी.त ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, मुजावर सरांना विचारू या का?"

"नाही."

"पण त्यांची गाडी तर नुसती उभीच..."

"विपुला, मी नाही म्हणालो."

यूसुफ मुजावर सर म्हणजे अण्णांचे सर्वांत जवळचे मित्र होते, सहा वर्षांपूर्वीपर्यंत. ते त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. दोघांनी ठरवून एकाच दिवशी एकसारख्या गाड्या घेतल्या आणि पहिल्या महिन्यापासून ॲव्हरेज मोजायला लागले. इतर लोक मोजतात तसं नव्हे. रविवारी सकाळी, थंड वेळी, एकाच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, कारण उन्हात डिझेल फुगतं हे मुजावर सरांचं म्हणणं. शेवटचा भर प्रयोगशाळेतल्या काचेच्या मोजपात्रानं घालायचा. मग मिरजेला जाऊन यायचं आणि पुन्हा तसंच भरायचं. आकडे सोमवारी शिक्षकखोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात लागायचे. डावीकडे आरवाडे, उजवीकडे मुजावर. अनेक वर्षं दोन्हीकडे एकवीसच्या आसपास आकडा असायचा आणि दोघं दशांश चिन्हापुढच्या अंकावरून भांडायचे.

मुजावर सरांच्या निवृत्तीच्या वर्षी उजवीकडचा आकडा बावीस पूर्णांक दोनवर गेला आणि तिथंच राहिला. अण्णांचा एकवीस पूर्णांक शून्य. तेच मॉडेल, तोच रस्ता, तेच मोजपात्र. अण्णांना कारण सापडेना. आणि ज्याचं कारण सापडत नाही ते अण्णांना सहन होत नसे.

निरोप समारंभात अण्णा भाषणाला उभे राहिले. मी अकरावीत होते, तिसऱ्या रांगेत बसले होते. मुजावरांच्या शिस्तीचं, हाताच्या गुणाचं, वर्गावरच्या पकडीचं कौतुक करून झाल्यावर ते हसत म्हणाले, "रसायनशास्त्राच्या या माणसानं सबंध नोकरीत एकच आकडा मनानं बनवला. तो गाडीच्या ॲव्हरेजचा!"

सगळा हॉल हसला. मुजावर सर हसले नाहीत. समारंभ संपल्यावर शाल आणि नारळ खुर्चीवरच ठेवून ते निघून गेले. अण्णा मागोमाग धावले, तेव्हा फाटकाशी ते एवढंच म्हणाले, "मी मुलांच्या वहीतला एक खोडलेला अंकसुद्धा चालवून घेतला नाही, आरवाडे सर. आणि तुम्ही मला माझ्या शेवटच्या दिवशी पोरांसमोर लबाड म्हणालात."

त्याआधी ते अण्णांना कधी 'सर' म्हणाले नव्हते.

कोल्हापूरहून आल्यावर दोन दिवस अण्णा निर्वात पंपाला तेल घालत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शिवलिंगअप्पांबरोबर जाऊन ये. माझं नाव निघता कामा नये."

मुजावर सरांच्या घरात खोकी भरणं चाललं होतं. नसीमकाकू पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. गाडी अंगणात उन्हात उभी होती. उजवीकडचा पुढचा टायर फाटून चाक जमिनीला टेकलेलं.

अप्पांनी घसा साफ केला. "सर, माझ्या एका गिऱ्हाइकाला ह्या गाडीचा पंप पायजे हुता."

"कोण गिऱ्हाईक?"

"हाय एक. सांगोल्याकडचं."

"असं. आणि सांगोल्याकडच्या गिऱ्हाइकाबरोबर आरवाड्यांची पोरगी कशी?"

नसीमकाकूंना हसू आवरेना. पेला खाली ठेवून त्या आत पाणी आणायला गेल्या.

"काय शिकलीस तू?" सरांनी मला विचारलं.

"भौतिकशास्त्र."

"मग सांग. तालुक्यात अशा गाड्या दोन. त्यातली एक माझ्या अंगणात. पंप कुणाला हवाय? किती गुणांचा प्रश्न हा?"

"एका गुणाचा, सर."

"अर्ध्या." त्यांनी गाडीकडे बघितलं. "मंगळवारी सकाळी भंगारवाला ट्रक घेऊन येतोय. बुधवारी आम्ही नाशिकला, मुलाकडे, आसिफकडे. आता तिकडंच राहायचं. पंप मला विकायचा नाही. ज्याला हवा त्यानं स्वतः यावं आणि आपल्या हातानं काढून न्यावा. सांग तुझ्या सांगोल्याच्या गिऱ्हाइकाला."

घरी येऊन मी हे शब्दशः सांगितलं.

"परीक्षा घेतोय माझी," अण्णा म्हणाले.

"सोपी आहे, अण्णा."

"तुला काय कळतं?" ते म्हणाले आणि उठून गेले. रविवारी सकाळी मात्र ते प्रयोगशाळेतला जुना ॲप्रन घालून ओट्यावर उभे होते. "रिक्षा बोलाव. आणि आपली स्टेपनी घे बरोबर. त्यांचं पुढचं चाक गेलंय ना? गाडी ट्रकवर ढकलायची तर चार चाकं नकोत? पंपही न्यायचा आणि गाडी लंगडी ठेवून यायचं, हे बरं दिसत नाही."

अण्णा मुजावर सरांच्या फाटकातून आत गेले तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी बोलणं होईल. काहीच झालं नाही. अण्णांनी नमस्कार केला, सरांनी मान हलवली आणि दोघंही गाडीचं बॉनेट उघडून आत वाकले.

पुढचे दोन तास ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलले.

"विपुला, त्यांना म्हणावं बॅटरीची तार आधी सोडा."

"विपुला, त्यांना सांग, बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलीय."

"म्हणावं, मेलेल्याचीही खात्री करून घ्यावी."

"सांग, खात्री न करता बोलायची सवय कुणाला आहे, ते सगळ्या हॉलनं ऐकलंय."

अप्पांनी माझ्याकडे बघून डोळे मिटून घेतले. मग उजवं चाक काढून ते आडवे झाले, पट्ट्याच्या बाजूनं हात घातला आणि पंपाच्या कडेवर, इंजिनावरच्या कंपनीच्या रेघेसमोर, छिन्नीनं एक रेघ मारली. दुसऱ्या गाडीवर पंप ह्याच कोनात बसला पाहिजे, नाहीतर डिझेल भलत्या क्षणी जातं, असं त्यांनी सांगितलं. नळ्या सुटल्या. बोल्ट सुटले. शेवटचा एक सुटेना.

"गंजलाय," अण्णा म्हणाले. "पान्याला पाइप लावा, तरफ लांब करा."

"तुटंल, सर."

मुजावर सर घरात गेले आणि एक तपकिरी बाटली घेऊन आले. ड्रॉपरनं त्यांनी बोल्टाच्या मुळाशी थेंब सोडले. "ॲसिटोन आणि गिअरचं तेल. थांबा आता. विपुला, सांग त्यांना, शेवटी रसायनशास्त्रच लागतं."

"म्हणावं, लागतं. पण ओढायला तरफच लागणार."

तरफ लावली. अण्णांनी पाइप धरला, एकट्यानं हलेना. मुजावर सरांनी पुढे होऊन त्यांच्या हातांशेजारी हात ठेवले. दोघंही सत्तरीकडे झुकलेले, दोघांच्याही मनगटांवर पांढरे केस. बोल्ट कर्रकन वाजला आणि फिरला. "सुटला!" दोघं एकदमच म्हणाले आणि लगेच एकमेकांपासून बाजूला झाले.

अप्पांनी पंप बाहेर काढून मुजावर सरांच्या हातात दिला. त्यांनी तो जरा वेळ तसाच धरला, ॲप्रनच्या टोकानं पुसला (ॲप्रन अण्णांचा होता) आणि अण्णांच्या हातात ठेवला. मग आमची स्टेपनी त्यांच्या गाडीला बसवून अप्पांनी जॅक खाली घेतला.

अण्णा चार पावलं मागे सरले आणि तिथंच थांबले. गाडीचा पुढचा उजवा कोपरा किंचित वर उचललेला दिसत होता, एका बाजूला उशी दिल्यासारखा.

"अप्पा, जॅक पूर्ण उतरला?"

"उतरला की. ह्यो बगा हातात हाय."

अण्णा गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागच्या चाकाशी बसले, टायरवरची अक्षरं चष्मा वर करून वाचली, मग पुढच्या चाकाची वाचली. उठून म्हणाले, "काकूंकडे शिवणाची टेप असेल? आणि सुतळी."

"आता काय, चाकांचाही पंचनामा?" मुजावर सर थेट म्हणाले. मला मध्ये घ्यायचं ते विसरले होते.

अण्णांनी काकूंकडून टेप आणि सुतळी घेतली. अप्पांना गाडी पुन्हा उचलायला लावली. आधी पुढून, मग मागून. दोन्ही चाकांना मधोमध सुतळी गुंडाळली, गाठीशी खूण केली, टेपवर ताणून बघितली. मला म्हणाले, "स्टेपनी एकशे एक्क्याऐंशी पूर्णांक सहा. मागचं चाक एकशे एकाहत्तर पूर्णांक आठ. सेंटीमीटर. लक्षात ठेव."

"हे कशाला, अण्णा?"

"आधी पंप."

पंप सुती कापडात गुंडाळून ते रिक्षात जाऊन बसले. मुजावर सर फाटकात उभे होते. त्यांचा चेहरा सकाळपेक्षा कठीण झाला होता. "मिळाला पंप, झालं काम," ते मला म्हणाले. "सांग त्यांना, नमस्कार."

आज मापनयंत्रं तपासणं हाच माझा व्यवसाय आहे. एखादं उपकरण अगदी प्रामाणिकपणे चुकीचं सांगतं तेव्हा मी आधी ते कशाला जोडलंय ते बघते. पण त्या दिवशी रिक्षात मांडीवर सुतळीचं भेंडोळं घेऊन बसले होते, आणि मला काही सुचलं नव्हतं.

सोमवारी अप्पांनी पंप आमच्या गाडीवर बसवला. छिन्नीची रेघ आमच्या इंजिनावरच्या कंपनीच्या रेघेला जुळवली, नळ्या आवळल्या आणि हातपंप दाबत राहिले. नळीच्या तोंडातून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ डिझेल. अण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी ते धरलं. पांढऱ्या धुराचा एक लोट सोडला आणि मग एका लयीत वाजायला लागलं.

"ह्येला म्हंत्यात असल," अप्पा म्हणाले.

अण्णा आनंदले नाहीत. रात्री त्यांनी जेवण अर्ध्यावर सोडलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगितलं तर तो म्हणेल, सहा वर्षांनी पुन्हा माझा आकडा खोटा पाडायला आला. नाही सांगितलं तर तो तसाच जाईल."

मंगळवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ट्रक फाटकापाशी लागलेला होता आणि दोन माणसं मुजावर सरांची गाडी ढकलत होती. अण्णांनी आमची गाडी फाटकात आडवी घातली. ट्रकवाला ओरडला. मुजावर सर बाहेर आले. अण्णा इंजिन बंद करायला गेले, तसा सरांनी हात वर केला.

"राहू दे जरा." त्यांनी कान देऊन आवाज ऐकला. मग म्हणाले, "आता काय न्यायचं राहिलं? रेडिएटर?"

अण्णा खाली उतरले. "मी तुम्हाला लबाड म्हणालो. ते चूक होतं. सर्वांसमोर म्हणालो, ती त्याहून मोठी चूक." त्यांनी श्वास घेतला. "पण तुमचा आकडाही चूक होता."

"अल्ला! माफीच्या पाठोपाठ लगेच?" दारातून नसीमकाकू म्हणाल्या.

"वहिनी, ऐकून तर घ्या. मुजावर, डिझेल आपण मोजलं. मिलिलिटरपर्यंत. किलोमीटर कुणी मोजले?"

"गाडीच्या मीटरनं."

"मीटर काय मोजतो?"

वर्गात उभं केलेल्या मुलाकडे बघावं तसं मुजावर सरांनी त्यांच्याकडे बघितलं. "चाकाचे फेरे," ते म्हणाले. त्यांनी वळून आपल्या गाडीकडे बघितलं. तिचा उजवा कोपरा अजून वर उचललेलाच होता.

"टायर कधी बदलले होते?" अण्णांनी विचारलं.

"निवृत्तीच्या वर्षी. सोलापूरला लग्नाला गेलो होतो, तिथं चारही. दुकानदार म्हणाला, ह्या रिमवर बसतात."

"बसतात. पण बुटके आहेत. चाक लहान, म्हणून तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त. मीटर बिचारा फेरेच मोजणार. तो जास्त किलोमीटर दाखवत राहिला आणि तुम्ही जे दिसलं ते लिहीत राहिलात."

मुजावर सर मागच्या चाकाशी बसून टायरवरची अक्षरं वाचू लागले.

"सर, न्यायची का गाडी?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"थांब रे." ते अण्णांकडे वळले. "म्हणजे मी बनवला नव्हता."

"नव्हता."

"आणि तू सहा वर्षांत एकदा येऊन टायर बघितले नाहीस."

"नाही बघितले."

"भौतिकशास्त्राचा मास्तर ना रे तू, आरवाडे?"

"आणि तू? तुझ्याच गाडीचे टायर ना?"

नसीमकाकू हसल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मुजावर सरांनी बाही वर सारली. आमच्या गाडीच्या बॉनेटवर गॅरेजची धूळ बसलेली होती आणि खाली इंजिन चालू असल्यानं ती बारीक थरथरत होती.

"विपुला, आकडे सांग. गणित मी करतो. तू मध्ये बोलायचं नाही."

मी सांगितले. त्यांनी बोटानं धुळीत बावीस पूर्णांक दोन लिहिले, त्याला एकशे एकाहत्तर पूर्णांक आठनं गुणलं आणि एकशे एक्क्याऐंशी पूर्णांक सहानं भागायला घेतलं. अण्णा शेजारी वाकून बघत होते. हातचा चुकेल म्हणून एकदा बोट पुढे केलं, तर सरांनी ते बाजूला सारलं. ट्रकवाला आणि त्याची माणसंही जवळ येऊन उभी राहिली. भागाकार बॉनेटच्या कडेपर्यंत गेला. सरांनी तो एकदा वरून खाली तपासला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

२१.०